ग्राफाइट म्हणजे काय? शिसपेन्सिलीपासून तुमच्या फोनच्या बॅटरीपर्यंत

मे महिन्यातला रविवार होता. मी आणि माझा अकरावीतला मावसभाऊ स्कूटरवरून खडकवासला चौपाटीवर गेलो होतो. त्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली, म्हणून त्याने फोन पॉवरबँकला लावला, दोन्ही डिकीत टाकलं आणि स्कूटर भर उन्हात उभी करून आम्ही कांदाभजी खायला बसलो. तासाभराने डिकी उघडली तर फोनला हात लावता येत नव्हता. मागचं पॅनल एका बाजूने उचललेलं आणि आतून चंदेरी बॅटरी उशीसारखी फुगलेली.

"दादा, हे आठवड्यापासून थोडं वर आलंय. मला वाटलं कव्हरच सैल झालंय," तो म्हणाला.

परत येताना रस्त्यावरच्या एका रिपेअरिंगच्या टपरीवर त्याने फोन दाखवला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "नवीन बॅटरी कशाला? टाचणीने हवा काढून देतो, परत सपाट होईल." आणि खरंच टाचणी हातात घेतली. मी जवळजवळ ओरडलोच आणि फोन काढून घेतला.

पुढे झाडाखाली थांबून मी भावाला समजावत होतो की बॅटरीत लिथियम असतं, ग्राफाइट असतं, पेट घेणारा द्रव असतो, टाचणी मारली की खेळ खलास. तो मध्येच म्हणाला, "पण दादा, ग्राफाइट तर माझ्या फोनचा कलर आहे ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. खोक्यावर कलर म्हणून ग्राफाइटच लिहिलं होतं. पण त्याच फोनच्या पोटातही खरंखुरं ग्राफाइट होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा लेख. हा शब्द आला कुठून, हा पदार्थ काय आहे आणि तो नीट कळला तर तुमच्या फोनची बॅटरी आणि तुमची बोटं कशी वाचतील, ते बघूया.

ग्राफाइट हा शब्द आला कुठून?

ग्रीक भाषेत 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. १७८९ साली अब्राहम गोटलोब वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने त्यावरून या खनिजाला नाव दिलं. शेवटचा 'आइट' हा खनिजांच्या नावांना लागणारा प्रत्यय. बॉक्साइट, कॅल्साइट ही नावं शाळेत ऐकली असतील, त्यातलाच हा. थोडक्यात, ग्राफाइट म्हणजे 'लिहायचा दगड'.

याच 'ग्राफेइन'ची भावंडं तुम्ही रोज वापरता. फोटोग्राफ म्हणजे प्रकाशाने लिहिलेलं. ग्राफ, ग्राफिक्स, टेलिग्राफ सगळे त्याच घरातले. गेम खेळताना ज्या ग्राफिक्सची सेटिंग तुम्ही 'लो' करता, ते आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट नावापुरते का होईना, चुलतभाऊ आहेत.

मग आपण शिसपेन्सिल का म्हणतो?

ही मजेशीर गोष्ट आहे. मराठीत आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं औषधालाही नसतं. भाऊ लहानपणी पेन्सिल चावायचा तेव्हा मावशी घाबरायची, "अरे, शिसं पोटात जाईल!" पेन्सिल चावणं ही चांगली सवय नाहीच, पण त्या काळ्या कांडीत शिसं नाही, ग्राफाइट आणि चिकणमाती आहे.

गोंधळ जुना आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल भागात ग्राफाइटचा मोठा साठा सापडला. काळा, चकाकणारा, मऊ, हाताला लागणारा पदार्थ. मेंढपाळ मेंढ्यांवर खुणा करायला तो वापरत, असं सांगतात. दिसायला शिशासारखा, म्हणून लोक त्याला 'काळं शिसं' म्हणू लागले. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम', त्यावरून याचं दुसरं नाव पडलं प्लंबॅगो. (आपला प्लंबरही त्याच शब्दातून आला, कारण पूर्वी पाइप शिशाचे असत.)

१७७९ साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की हे शिसं नसून कार्बनचाच प्रकार आहे. त्यानंतर दहा वर्षांनी वेर्नरने नवं नाव दिलं. पण तोपर्यंत चुकीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. इंग्रजीत आजही 'लेड पेन्सिल' म्हणतात, जर्मनमध्ये पेन्सिलीला 'ब्लायश्टिफ्ट' म्हणजे शिशाची कांडी म्हणतात आणि आपल्याकडे ती शिसपेन्सिलच राहिली.

आजची पेन्सिल मात्र फ्रान्सची देणगी. युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँतेने १७९५मध्ये ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र भाजून कांड्या बनवायची पद्धत पेटंट केली. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकट, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. मधली एचबी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटवर २एचने रेघा मारून ज्यांची बोटं दुखली, त्यांना वेगळं सांगायला नको.

खारीचे पापुद्रे: ग्राफाइटचं सगळं गुपित

हिरा आणि ग्राफाइट दोन्ही नुसत्या कार्बनचे. मग एक काच कापतो आणि दुसरा कागदावर झिजतो, असं का? उत्तर रचनेत आहे.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना चारी दिशांनी घट्ट धरून असतो. ग्राफाइटमध्ये तो तीनच शेजाऱ्यांना धरतो, तेही एकाच पातळीत. त्यातून मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असलेला एक पातळ थर तयार होतो. असे थर एकावर एक रचलेले असतात. थराच्या आत पकड जबरदस्त, पण दोन थरांमधली पकड एकदम ढिली. चहात बुडवायची खारी आठवा. पापुद्र्यावर पापुद्रा, बोट लावलं की वरचा सुटतो. फरक इतकाच की ग्राफाइटचे पापुद्रे फार म्हणजे फारच पातळ असतात. एका मिलीमीटर जाडीत सुमारे ३० लाख थर बसतात.

या एका रचनेतून ग्राफाइटचे तीन गुण येतात.

पहिला, थर सहज सुटतात. म्हणून पेन्सिल लिहिते. कागदावर जे उमटतं ते ग्राफाइटचे सुटलेले पापुद्रेच असतात. बॅगेची चेन अडकली की घरातलं मोठं माणूस तिच्यावर पेन्सिल घासायला सांगतं, तेही याचमुळे. थर एकमेकांवर घसरतात आणि चेन सरकते.

दुसरा, वीज वाहते. प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन मोकळा राहतो आणि थरावर फिरत असतो. मिक्सर बंद पडला की दुकानदार म्हणतो ना, "कार्बन गेलेत"? ते 'कार्बन' म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बहुतेक ग्राफाइटचे किंवा ग्राफाइट मिसळलेले. वीजही वाहते आणि घसरतातही छान, म्हणून तिथे ते बसवतात.

तिसरा, दोन थरांच्या मध्ये दुसरं काहीतरी शिरू शकतं. हा गुण लक्षात ठेवा. तुमचा फोन यावरच चालतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. लाकडी पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासा. एका टोकाची कांडी बोटाने धरा आणि दुसरं टोक थोडं बोथट करून फोनच्या स्क्रीनवर हलकेच फिरवा. बऱ्याच फोनवर ती टचपेनसारखी चालते, कारण बोटाचा परिणाम ग्राफाइटमधून स्क्रीनपर्यंत पोचतो. स्क्रीनगार्ड असेल तरच करा, कांडीत माती असते आणि ओरखडा उठू शकतो. आणि हेच कारण लक्षात ठेवून चार्जिंग पोर्ट किंवा स्विचबोर्ड पेन्सिलीच्या टोकाने कधीही कोरू नका. ग्राफाइटची पूड आत पडली तर शॉर्ट होऊ शकतं.

फोनमध्ये ग्राफाइट कुठे कुठे असतं?

आधी जिथे ते नसतं, ती ठिकाणं काढून टाकू. फोनचा 'ग्राफाइट' कलर हे फक्त रंगाचं नाव आहे. २०२०च्या आयफोन १२ प्रोचा एक रंग ग्राफाइट होता, इतर कंपन्याही हे नाव वापरतात. तसंच, पॅरागॉन या इस्रायली कंपनीच्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं नावही ग्राफाइट आहे. त्या कंपनीच्या हेरगिरीचा रोख पत्रकार आणि कार्यकर्ते धरून सुमारे ९० जणांवर होता, असं व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं, तेव्हा ते बातम्यांत होतं. या दोन्हींचा खनिजाशी काही संबंध नाही.

खरं ग्राफाइट दोन जागी सापडतं. एक, बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनच्या किंवा मागच्या पॅनलच्या आत कागदासारखी पातळ ग्राफाइट शीट असते. ती थराच्या दिशेने उष्णता तांब्यापेक्षाही चांगली वाहून नेते. गेम खेळताना प्रोसेसरची उष्णता एकाच जागी साचू नये म्हणून ती पसरवायचं काम तिचं.

आणि दुसरं, बॅटरीत. इथे थोडं गणित करू. एक ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच इतका चार्ज साठवू शकतं. तुमची बॅटरी ५००० एमएएचची असेल तर ५००० भागिले ३७२, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात थोडं जास्तच घालावं लागतं. एका पेन्सिलीच्या कांडीचं वजन साधारण एक ग्रॅम, त्यातही माती असते. म्हणजे माझ्या हिशोबाने तुमच्या खिशात वीस-बावीस पेन्सिलींचं ग्राफाइट फिरतंय. अख्खी दोन पाकिटं!

चार्जिंग म्हणजे काय? स्वारगेटची बस आठवा

बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट, मध्ये पातळ पडदा आणि एक द्रव. चार्जर लावला की लिथियमचे आयन पहिल्या बाजूने निघतात, द्रवातून पोहत येतात आणि ग्राफाइटच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतात. फोन वापरला की ते परत फिरतात. ग्राफाइटमध्ये लिथियम असं आत-बाहेर करू शकतं, हे रशीद याझामी यांनी १९८०च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला दाखवलं. पहिली लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१मध्ये बाजारात आणली. तिच्यात वेगळ्या प्रकारचा कार्बन होता, ग्राफाइटने नंतर ती जागा घेतली.

आता स्वारगेटहून खडकवासल्याकडे येणारी पीएमपी डोळ्यांपुढे आणा. ग्राफाइट म्हणजे बस, लिथियम म्हणजे प्रवासी. बसायला शिस्त आहे, सहा कार्बनमागे एकच लिथियम. बस रिकामी असते तेव्हा लोक पटापट चढतात, म्हणून २० टक्क्यांवरून ६० पर्यंत फोन झरझर चार्ज होतो. बस भरत आली की प्रत्येकाला जागा शोधायला वेळ लागतो. म्हणून ८० टक्क्यांनंतर फोन मुद्दाम करंट कमी करतो. "शेवटचे वीस टक्केच का रखडतात?" याचं उत्तर हे आहे. चार्जर खराब नसतो.

आणि प्रवासी आत बसण्यापेक्षा वेगाने दारावर लोटले तर? मग ते दारातच लटकतात. बॅटरीतही तसंच. अति थंडीत किंवा प्रमाणाबाहेर वेगाने चार्ज केलं तर लिथियम थरांत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू म्हणून साचतं. त्याने बॅटरीची ताकद कमी होते आणि पुढे आत शॉर्ट व्हायचा धोकाही असतो. चांगले फास्ट चार्जर फोनशी बोलून करंट ठरवतात तो याचसाठी. लोकल चार्जर घेऊन शंभर रुपये वाचवताना हा विचार करा.

मग बॅटरी फुगते का?

लिथियम आत शिरल्यावर ग्राफाइट साधारण दहा टक्के फुगतं आणि बाहेर पडल्यावर परत बसतं. हे रोजचंच, बॅटरीत त्याची सोय केलेली असते. भावाच्या फोनचं फुगणं वेगळं होतं.

पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. दुधावरची साय समजा. ही साय आतला द्रव आणि ग्राफाइट यांना एकमेकांपासून वाचवते. उष्णतेने ती खराब होते, परत नवी बनते आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम आणि थोडा द्रव खाऊन टाकते. द्रव असा तुटत गेला की वायू तयार होतो. बॅटरीचं पाकीट सीलबंद, वायूला बाहेर जायला वाट नाही, मग ते उशीसारखं फुगतं. बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर गरम असेल तर हे सगळं आणखी जोरात होतं.

म्हणजे भावाने एका दुपारी काय काय केलं बघा. जुना फोन, चार्जिंग चालू, बंद डिकी आणि मे महिन्यातलं ऊन. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं भोवतालचं तापमान आहे ० ते ३५ अंश सेल्सिअस. पुण्याचा मे सावलीतच त्याच्या पुढे जातो, डिकीचं तर विचारूच नका. बॅटरी आधीपासून फुगत होती, त्या दिवशी तिने ते दाखवून दिलं इतकंच.

आणि टाचणीचं काय? टाचणी फक्त वायूच्या पाकिटाला भोक पाडत नाही. ती मधला पडदा फाडून दोन्ही बाजू एकमेकींना जोडू शकते. मग साठवलेली सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता बनून बाहेर येते आणि आतला द्रव ज्वालाग्राही आहे. भरलेल्या बॅटरीतल्या ग्राफाइटला हवाही सोसत नाही. म्हणून 'हवा काढून देतो' असं कुणी म्हणालं, तर फोन उचला आणि निघा.

लक्षात ठेवा

- फोन चार्जिंगला लावून डिकीत, बंद कारमध्ये, उशीखाली किंवा उन्हात ठेवू नका. बाइकच्या होल्डरवर मॅप चालू असेल तेव्हा भर दुपारी चार्जिंग टाळा.
- चार्ज करताना गेम खेळायचा असेल तर निदान जाड कव्हर काढा. फोन तापला तर चार्जर काढून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरेल.
- सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायचा पर्याय असेल तर रोजच्या वापरासाठी चालू ठेवा. ट्रेकला जायचं असेल त्या दिवशी १०० करा, काही बिघडत नाही.
- मागचं पॅनल किंवा स्क्रीन एका बाजूने उचलली, फोन टेबलावर डुगडुगायला लागला तर ते फुगणंच समजा. फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. कागद-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.
- जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर आग लागू शकते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

शेवटचा मुद्दा फक्त आगीचा नाही. खडकवासल्याच्या आसपास जिकडे बघाल तिकडे काळा दगड दिसतो, अख्खा सिंहगड काळा. पण तो बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला. त्यात ग्राफाइट नाही. बॅटरीसाठी लागणाऱ्या ग्राफाइटच्या शुद्धीकरणावर आज चीनची जवळपास मक्तेदारी आहे आणि डिसेंबर २०२३पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अटही घातली. भारत सरकारने २०२३मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ग्राफाइट आहे. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन म्हणजे तुमच्या घरातली छोटीशी खाणच.

भावाचा फोन वाचला. सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलून दिली, पैसे मावशीने दिले आणि वर बोलणीही खाल्ली. घरी जाताना मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. रिकाम्या बॅटरीतलं ग्राफाइट राखाडी-काळं असतं, खोक्यावर लिहिलेल्या कलरसारखं. लिथियम भरत गेलं की त्याचा रंग बदलतो आणि पूर्ण चार्ज झालं की ते सोनेरी दिसतं. तुमच्या स्क्रीनवर १०० टक्के दिसतात तेव्हा आत ही दोन पाकिटं पेन्सिली सोन्यासारखी झालेली असतात.

फक्त बघायला म्हणून उघडू नका!